ऐकल्याची शिट्टी

त्यांना सगळे दाजी म्हणत. खरं तर हा शब्द वापरायचा हक्क एकट्या त्यांच्या मेहुण्याचा, बायकोच्या धाकट्या भावाचा. पण तो जाईल तिथे 'आमचे दाजी, आमचे दाजी' असं इतकं घोळवत असे, की चिखलावर पक्षी बघायला येणाऱ्या सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. शाळेतल्या बाई वयाने त्यांच्याहून मोठ्या, त्याही दाजीच म्हणायच्या. "एवढी थोरली मेहुणी दाजींना परवडायची नाही," असं मेहुणा म्हणे, आणि बाई त्याच्याकडे चष्म्यावरून बघत.

दाजींचं उभं आयुष्य लेथवर गेलं. पितळ, लोखंड, कधी कांसं, जे फिरेल ते त्यांनी कातलं. त्यांच्या यंत्राच्या पाठीमागेच पत्रा ठोकणारा प्रेस होता. तो दिवसभर असा पडायचा की पायाखालची जमीन दाताखाली आल्यासारखी वाटे. सुरुवातीला त्यांनी कानात कापूस घातला. मग कापसाचा कंटाळा आला, मग प्रेसची सवय झाली, आणि मग एके दिवशी प्रेसचा आवाज पूर्वीपेक्षा कमी वाटायला लागला. दाजींना वाटलं, मालकांनी यंत्र दुरुस्त करून घेतलं असावं.

कातारी माणूस डोळ्यांनी जेवढं काम करतो, तेवढंच कानांनी करतो. हत्यार नीट लागलं की ते गुणगुणतं. धार गेली की किंचाळतं. एका सकाळी दाजी एक लांब दांडा कातत होते आणि काम छान चाललंय असं त्यांना वाटत होतं. मान वर केली तर शेडमधला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता. फोरमन धावत आला आणि त्यानेच यंत्र बंद केलं.

"मिस्त्री, झोपलात काय? अख्खी शेड दात आवळून उभी आहे."

दाजी हसले. "धार बघत होतो," म्हणाले. दांड्यावरून बोट फिरवलं तर पृष्ठभाग कपडे घासायच्या फळीसारखा झाला होता. त्या दिवसापासून ते काम करताना डाव्या हाताची दोन बोटं हत्याराच्या धारकावर ठेवू लागले. किंकाळी कानांना कळत नसली तरी बोटांना कळायची. नवीन पोरांना वाटे, ही जुन्या मिस्त्रींची लकब आहे. दोघातिघांनी तिची नक्कलही उचलली.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. खालचे आवाज शाबूत आहेत, वरचे गेले. गेलेले येत नाहीत, आणखी जातील. दाजींनी मान हलवली, फी दिली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "मळ होता."

आता या माणसाला कुणी घड्याळजी म्हणून बसवलं असतं, रखवालदार म्हणून ठेवलं असतं, तर काही बिघडलं नसतं. पण दाजींनी सुटीच्या दिवसासाठी जे काम पत्करलं होतं, ते नेमकं ऐकायचं होतं.

शहर संपतं तिथे होड्या दुरुस्त करायचा एक बंद पडलेला धक्का होता. धक्क्यापुढे दगडी बांध, आणि बांधापुढे ओहोटीच्या वेळी नजर पोचेल तिथवर चिखल. थंडी उतरू लागली की वरच्या मुलखातले पक्षी इथे येऊन टेकत. काही दिवस चिखल चाळून अंगावर मांस धरत आणि एखाद्या पहाटे सगळे एकदम उठून खाली दक्षिणेकडे निघून जात. ते बघायला ही चार माणसं येत: दाजी, मेहुणा, बाई आणि निवृत्त पोस्टमन. मेहुणा एका दवाखान्यात कंपाउंडर होता, म्हणून बाकीचे दोघे त्याला कंपाउंडरच म्हणत.

माणसं घोळक्याने चिखलात उतरली तर थवा उठतो. एकेकटी, लांब लांब उभी राहिली तर पक्षी त्यांना खुंट समजतात. म्हणून प्रत्येकाचं एक ठाणं होतं, दुसऱ्याच्या हाकेच्या पलीकडचं. दाजी बांधावर, दुर्बिणीपाशी. पाणी फिरलं की ते पाहायचं आणि सगळ्यांना परत बोलवायचं, हे त्यांचं काम. कारण या चिखलात भरती लाटेने येत नाही. ती मागून, घळींमधून, गुपचूप येते. आपण कोरड्यावर उभे आहोत असं माणसाला वाटत असतं, तेव्हा परतीची वाट बुडालेली असते.

पण हाक मारायची सोय नव्हती. माणसाचा आवाज आला की सगळा थवा आभाळात. म्हणून फार पूर्वी, कान तल्लख होते तेव्हा, दाजींनी पितळेच्या बोटभर शिट्ट्या कातल्या. चिखल्या नावाचा एक इवलासा पक्षी असतो, त्याच्या आवाजाला आवाज लावून. तासावं, फुंकावं, पुन्हा केसभर तासावं, असं करत करत त्यांनी तो बारीक, उंच, थोडा रडका सूर पकडला. ती शिट्टी वाजली की पक्षी उडत नसत, नुसती मान वर करत. आपल्यातलंच कुणी बोललं म्हणून पुन्हा चिखलात चोच घालत. दाजींना आयुष्यात ज्या दोन-तीन गोष्टींचा अभिमान होता, त्यांतली ही एक.

नेमही त्यांनीच घालून दिले. बांधावरून एक लांब शिट्टी आली, की पाणी फिरलं, निघा. प्रत्येकाने एक लांब वाजवून उत्तर द्यायचं, निघालो. तीन आखूड वाजल्या तर, अडकलो, या. आणि सगळ्यांची उत्तरं आली की बांधावरून दोन आखूड शिट्ट्या, म्हणजे ऐकलं. त्या दोन शिट्ट्या आल्या की चिखलातला माणूस निर्धास्त होई. पुढचं काय ते बांधावरचा माणूस बघणार होता.

तर आता बांधावरचा माणूस ऐकत नव्हता, आणि हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाही माहीत नव्हतं.

दोन हिवाळे त्यांनी निभावले, ते पक्ष्यांच्या जोरावर. दुर्बिणीतून माणूस दिसे, त्याचा हात तोंडाशी गेलेला दिसे. आणि हात नाही दिसला तरी त्याच्या आसपासचे चिखल्या पक्षी मान वर करत. एक लांब शिट्टी असली की माना वर जाऊन तिथेच राहत. आखूड शिट्ट्या असल्या की माना उचकी लागल्यासारख्या हलत. कानात मळ नव्हता हे बायकोला कळायला मात्र पक्षी लागले नाहीत. किटली पुरली.

"बूड जळलं," ती किटली त्यांच्यापुढे धरून म्हणाली. "तुम्ही समोर बसला होतात. ती शिट्टी मारत ठणाणा करत होती."

"पेपर वाचत होतो."

"पेपर कानांनी वाचता?" ती समोर बसली. त्यांच्याशी बोलताना ती आताशा समोरच बसायची, उजेडाकडे तोंड करून. "तुम्ही सांगा त्यांना. बांधावर दुसरं कुणी उभं राहील. तुम्ही नुसते पक्षी बघा."

"सांगतो."

"गेल्या थंडीतही सांगणार होतात."

"या खेपेला नव्या शिट्ट्याच देतो. जाड आवाजाच्या. तसं केलं की प्रश्नच नाही."

"मग त्या का देताय, हे विचारतीलच ना ते?"

प्रश्न होता तो तेवढाच. शिट्ट्या कातायला काही लागत नव्हतं. आणि त्यांनी त्या कातल्याही. सुटीच्या वेळात, शेड रिकामी असताना, आधीच्यापेक्षा लांब आणि रुंद तोंडाच्या. फुंकून बघितली तेव्हा आवाज घोगरा, जड निघाला, दूरच्या बोटीच्या भोंग्यासारखा. पण तो कानापर्यंत आला. दाजी रिकाम्या शेडमध्ये बराच वेळ ती शिट्टी वाजवत उभे राहिले. मग चारही शिट्ट्या यंत्र पुसायच्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेवल्या, आणि त्या खिशातच राहिल्या.

"अहो, माझा भाऊ उभा असतो तिथे," बायको म्हणाली. "हंगामाची शेवटची फेरी उरलीय. त्या फेरीला नाही सांगितलंत, तर मी सांगेन. आणि मी सांगितलेलं तुम्हाला सहन व्हायचं नाही."

"शेवटच्या फेरीला," दाजी म्हणाले. "नक्की."

शेवटच्या फेरीची सकाळ स्वच्छ उजाडली. वारा नव्हता. एवढी थंडी की बांधाच्या दगडांना हात लावला तर हात चिकटेल असं वाटावं. चिखल कधी नव्हे इतका शांत होता. दाजींनी दुर्बीण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, मग पुन्हा उलटी फिरवली. चिखल्या पक्षी नव्हते. एकही नव्हता. गेल्या फेरीला हजारांनी होते, आणि मधल्या दिवसांत ते निघून गेले होते. लांब एका खुंटावर ससाणा बसला होता आणि खुंटाखाली पांढरी पिसं पसरली होती. बाकी नुसता चिखल.

"घर रिकामं केलं पाहुण्यांनी," पोस्टमन म्हणाला.

"काही मागे राहतात," बाई म्हणाल्या. "वाकड्या चोचीचे मोठे, ते उशिरापर्यंत असतात. त्या मोडक्या होडीपलीकडे बघायला हवं."

मोडक्या होडीचं ठाणं सर्वांत लांबचं, आणि ते कंपाउंडरचं. तो पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवत होता आणि तोंड सुरू होतं. "ताईने आज मला निघताना बजावून बजावून सांगितलंय, की दाजी काहीतरी सांगणार आहेत, ते नीट ऐक. काय दाजी, घर माझ्या नावावर करताय की काय?"

दाजी त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं.

"त्या अंगाला गाळ उपसायचं यंत्र लागलं होतं महिनाभर," ते म्हणाले. "चिखल पूर्वीचा राहिलेला नाही. होडीच्या पुढे पाऊल टाकू नकोस."

"हे सांगणार होतात? त्यासाठी ताईचा एवढा चेहरा?"

दाजींचा हात खिशात होता. फडक्याच्या आत चार शिट्ट्या एकमेकींना लागत होत्या, ते बोटांना कळत होतं. त्यांनी हात बाहेर काढायला सुरुवातही केली असेल. तेवढ्यात बाई पोस्टमनला सांगू लागल्या, "मागच्या खेपेला वारा केवढा होता, आठवतंय? मला माझीच शिट्टी ऐकू येत नव्हती. पण दाजींनी ऐकली. घरात मी तीनदा ओरडले तरी कुणी ओ देत नाही, आणि इथे हा माणूस."

"कान नाहीत ते," कंपाउंडर म्हणाला. "आमच्या दवाखान्यातली नळी लावलीय त्यांनी आतून."

सगळे हसले. दाजीही हसले. हात खिशातून बाहेर आला तो रिकामा. परत आल्यावर सांगू, त्यांनी स्वतःला सांगितलं. चहा पिताना. अशा गोष्टी चहा पिताना सांगायला बऱ्या.

तिघं उतरले आणि आपापल्या दिशेने लहान होत गेले. बाई जवळच्या ठाण्यावर, पोस्टमन मधल्या, कंपाउंडर दूर होडीच्या काळ्या सांगाड्यापाशी. दुर्बिणीतून तिघंही नीट दिसत होते. कंपाउंडरने तर मुद्दाम वळून हात हलवला.

धुकं समुद्राकडून आलं नाही. ते चिखलातूनच वर आलं. आधी घळींमध्ये पांढरी रेघ दिसली, मग घळी भरल्या, मग होडीचा सांगाडा खालून खालून नाहीसा झाला. त्याच्या वर कंपाउंडरचं डोकं आणि खांदे थोडा वेळ दिसत होते. मग तेही नाहीत. दाजींनी दुर्बीण पुसली. पुसून काही उपयोग नाही हे माहीत असूनही पुन्हा पुसली. थोड्या वेळाने बांधाखालचे दगडही दिसेनात.

पाणी फिरल्याचं त्यांना वासावरून कळलं. एक कुजकट, थंड भपका येतो तेव्हा. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि एक लांब फुंक मारली. त्यांना स्वतःला काही ऐकू आलं नाही. नुसती दातांत बारीक झिणझिण झाली, बस.

मग ते थांबले. उत्तरं यायची वेळ ही होती. समोर पांढरं होतं आणि कानांत पांढरं होतं. मान वर करणारा एक पक्षी त्या साऱ्या चिखलात नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले, तोंड उघडं ठेवलं, लेथच्या धारकावर ठेवत तशी दोन बोटं बांधाच्या दगडावर ठेवली. दगड गप्प होता.

या वेळी एक माणूस काय करू शकला असता, याचा दाजींनी नंतर फार विचार केला. बांध उतरून जाता आलं असतं. मोठ्याने हाका मारता आल्या असत्या. पक्षी तर नव्हतेच उडायला. खिशातली जाड शिट्टी वाजवता आली असती. पण नेहमी उत्तरं येतात. आजवर प्रत्येक वेळी आली होती. उत्तरं यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ अंदाजाने जाऊ दिला, आणि मग त्यांनी दोन आखूड शिट्ट्या वाजवल्या.

ऐकलं.

पहिल्या बाई आल्या, धुक्यातून एकदम, हातभर अंतरावर. मग पोस्टमन. त्याची विजार मांडीपर्यंत भिजली होती. "घळीत पाणी आलंय," तो म्हणाला. "जोर आहे आज."

तिघं बांधावर उभे राहिले. बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"कंपाउंडरांनी उत्तर दिलं ना?" त्यांनी विचारलं.

"दिलं," दाजी म्हणाले.

हा शब्द इतका लहान होता की तो बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही. बांधाच्या पायथ्याशी पाण्याची पहिली जीभ आली, दगडाला लागली, मागे गेली.

"लांब आहे त्यांचं ठाणं," बाई म्हणाल्या.

"बोलत बसला असेल कुणाशी तरी. एखाद्या बगळ्याशी," पोस्टमन म्हणाला. कुणी हसलं नाही. मग काही वेळाने तो म्हणाला, "चिखल्या मात्र एखादा राहिलाय हं मागे. मी निघताना ऐकला. होडीच्या बाजूला."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "काय ऐकलंस?"

"चिखल्या."

"कसा?"

"कसा म्हणजे? आखूड आखूड. तीनदा. मी आधी दचकलोच, म्हटलं हा कंपाउंडर तर नाही. पण लगेच तुमची ऐकल्याची शिट्टी आली. म्हटलं दाजींना सगळ्यांचं 'निघालो' आलंय, म्हणजे हा पक्षीच."

बाई थर्मास हातात धरून उभ्या होत्या. "चिखल्या गेले," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी आपण सगळ्यांनी बघितलं. एकही नव्हता."

दाजींचा चेहरा पोस्टमनने पाहिला आणि त्याचा हात आपोआप दाजींच्या दंडाला गेला, पडणाऱ्याला धरावं तसा.

"मला ऐकू येत नाही," दाजी म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, उलट थोडा मोठा. "दोन वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणाचीच शिट्टी मला येत नाही. तुम्ही वाजवा. वाजवा आणि ऐका. मला सांगा कुठे आहे तो."

बाईंनी शिट्टी लावली. त्यांचे गाल फुगले. मग त्या थांबल्या. दाजी दोघांच्या तोंडांकडे बघत राहिले. दोघं श्वास रोखून उभे होते. आणि मग दोघांच्या माना एकदम, एकाच बाजूला वळल्या, डावीकडे, होडीच्याही पुढे.

दाजी त्या बाजूला उतरले.

धक्क्यावर जुन्या होड्यांच्या फळ्या पडलेल्या असत. त्यांतल्या दोन पोस्टमनने ओढत आणल्या. बाई बांधावरून शिट्टी वाजवत होत्या, पोस्टमन चालता चालता थांबून ऐकत होता आणि दाजींचा खांदा धरून त्यांना वळवत होता, आंधळ्याला वळवावं तसं. घळीतलं पाणी कमरेला लागलं. होडीचा सांगाडा आला आणि मागे पडला. त्याच्या पुढे, जिथे पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं होतं तिथे, धुक्यात एक डोकं होतं आणि दोन हात होते. हात वर धरलेले, शिट्टी भिजू नये म्हणून.

मांडीपर्यंत चिखल आणि छातीपर्यंत पाणी. दाजी फळीवर पालथे पडले, दुसरी फळी पुढे सरकवली, मेहुण्याच्या काखेत हात घातले. बूट चिखलातच राहिले. तो निघाला तेव्हा चिखलाने असा आवाज केला की तो दाजींनाही ऐकू आला.

दुपारी तो दाजींच्याच घरी होता, दोन पांघरुणांत, खुर्चीवर पाय वर घेऊन. ओठांचा निळा रंग उतरला होता आणि तोंड पुन्हा सुरू झालं होतं. पोस्टमन आणि बाई दारापर्यंत येऊन गेले होते. आत या म्हटलं तर बाई नको म्हणाल्या. पोस्टमनने जाताना एवढंच म्हटलं, "आम्ही काही बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही."

"ताई, तुला सांगतो," मेहुणा म्हणत होता, "चूक माझी. दाजींनी सांगितलं होतं. पण तो वाकड्या चोचीचा एकच होता, आणि होडीच्या मागे गेला. दोन पावलं, बस. आणि गेलोच. जितकं हलावं तितकं आत. वरून हे धुकं. मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात यांची लांब शिट्टी. मी लगेच तीन आखूड दिल्या. आणि काय सांगू, ती ऐकल्याची शिट्टी आली ना, जीव भांड्यात पडला. एवढ्या लांबून, धुक्यात. मग मी वाजवणंच सोडलं. म्हटलं दाजींनी ऐकलंय, ते येतायत, उगाच त्यांना घाई कशाला करा. पाणी वर येत होतं, पण मी आपला गप्प उभा, पुन्हा शिट्टी आली तेव्हा कुठे उत्तर दिलं." तो हसला. "दवाखान्यात सांगतो ना सगळ्यांना. असे कान पाहिजेत."

बायको दारात उभी होती, हातात टॉवेल. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. त्यांच्या पायांकडे, वाळत चाललेल्या चिखलाकडे बघत होती. हा माणूस आता गप्प राहिला तर ती बोलणार होती, आणि तिच्याही नकळत तिचे ओठ उघडले होते.

दाजींनी खिशातून फडकं काढलं. ते ओलं होतं. एकेक करून त्यांनी जाड शिट्ट्या बाहेर काढल्या आणि एक मेहुण्याच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"ही मला ऐकू येते. तुमच्याकडे आहेत त्या येत नाहीत. दोन वर्षं येत नाहीत."

मेहुण्याने शिट्टी उलटसुलट केली. तो अजून हसत होता. हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागला, ओला कपडा अंगावरून उतरायला लागतो तसा.

"थट्टा करताय."

"नाही."

"पण आज..."

"आजही नाही आली."

मेहुणा बहिणीकडे वळला. तिने मान खाली घातली होती. ते बघून त्याला कळलं की तिला माहीत होतं, आणि सकाळी तिने बजावून बजावून सांगितलं होतं ते काय होतं. त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. दाजी समोर बसून त्याच्या ओठांकडे बघत राहिले, कारण आता जे येणार होतं ते चुकवून चालणार नव्हतं.

"मग दाजी," तो म्हणाला, अगदी हळू, पण एकेक शब्द स्पष्ट दिसला, "ऐकलं म्हणून तुम्ही कुणाला सांगितलंत?"

दाजींनी तोंड उघडलं. मेहुणा त्यांच्याकडे बघत होता, बायको जमिनीकडे.

आणि मग बहीणभावाच्या माना एकदम वर झाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. दाजी त्या दोन मानांकडे बघत बसले. किटलीतलं पाणी उकळलं होतं.